मूठ गोल का नको?

हायडेगरने 1927 सालच्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण घेतलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हत्यार नीट चालत असतं तेव्हा ते जाणवतच नाही. लक्ष कामावर असतं. आता हे चाकूच्या मुठीला लावून बघू या.

मूठ अगदी गोल केली तर ती हातात फिरते. धार कुठे आहे हे दर वेळी बघावं लागतं, आणि न बघता दाब दिलात की बोट कापलंच! तीच मूठ लंबगोल घडवा. अंधारातही तळहाताला धारेची दिशा कळते. म्हणून कानस मारताना ज्याचा चाकू त्याच्याच हातात मूठ पुन्हा पुन्हा द्यायची. त्याला ती टोचायची थांबली की कानस ठेवायची.

लाकूड बाभळीचं चालेल, चिवट असतं. पण वाळलेलंच घ्या. ओलं लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. मग मूठ तडकते नाहीतर पातं खिळखिळं होतं.

चकचकीत वार्निश मला पटत नाही, ओल्या हातातून सटकतं. जवसाचं तेल चोळा, ते हवेत सुकून घट्ट होतं. फक्त तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा.