टायमिंग चेन कुणी ताणायची?

बहुतेक मोटरसायकलींना दोन चेन असतात. मागचं चाक फिरवणारी चेन बाहेर असते; ती सैल पडली की लोंबते, कव्हरला घासते आणि मालकाला दिसते. दुसरी इंजिनाच्या आत, तेलात फिरते. गॅरेजात तिला टायमिंग चेन म्हणतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा, हे प्रमाण ती सांभाळते, म्हणूनच व्हॉल्व्ह ठरल्या क्षणी उघडतात आणि मिटतात. वापरानं या चेनच्या पिना आणि बुश झिजतात. प्रत्येक कडीत केसभर फट पडते आणि सगळ्या कड्यांची मिळून चेन लांब होते. कॅम मग जरा मागे पडतो, खडखड सुरू होते, आणि ढिलाई फार वाढली तर चेन स्प्रॉकेटचा एखादा दात ओलांडून पुढे सरकते. बऱ्याच इंजिनांत याचा अर्थ पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळणं. ही ढिलाई खाऊन टाकणारा भाग म्हणजे टेन्शनर. तो माणसानं पान्यानं लावायचा की त्यानं स्वतःच सरकत जायचं, यावर मोटरसायकलवेड्यांत जुना वाद आहे. रोजच्या वापराच्या गाडीला स्वयंचलित टेन्शनरच हवा, असं माझं ठाम मत आहे. मात्र त्याच्या भरवशावर चेन विसरून जाता येत नाही.

नुसती स्प्रिंग बसवली तर काम भागत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. कॅम व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा चेनवर ओढ येते. व्हॉल्व्ह मिटताना त्याची स्प्रिंग कॅमला उलट पुढे ढकलते आणि ओढीची बाजू क्षणभर सैल पडते. इंजिन मिनिटाला 8000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 4000 वेळा हा हिसका देतो. साधी स्प्रिंग या हिसक्यांनी मागेपुढे नाचत राहील. म्हणून स्वयंचलित टेन्शनरमध्ये चेनला टेकलेल्या पट्टीला, म्हणजे गाइडला, ढकलणारा दांडा (प्लंजर) पुढे तर जातो, पण सहज मागे येत नाही. काहींत त्यासाठी करवतीसारखे दाते असलेलं रॅचेट असतं, काहींत पिळाच्या स्प्रिंगनं फिरणारा स्क्रू, तर काहींत तेलाचा दाब आणि एकमार्गी झडप. हाताच्या टेन्शनरमध्ये यातलं काहीच नसतं. एक बोल्ट, एक लॉकनट, आणि पाना धरणाऱ्याची समज.

या समजेवर किती भार टाकायचा, हाच खरा प्रश्न आहे. 1969 साली बाजारात आलेल्या होंडा सीबी750ला मधला मार्ग होता. सर्व्हिसिंगच्या वेळी लॉक सैल करायचं, आतली स्प्रिंग ढिलाई खाते, मग पुन्हा आवळायचं. तिथं ताण निदान स्प्रिंग ठरवत होती. निव्वळ बोल्टवाल्या टेन्शनरमध्ये तो ठरवतो बोटांचा अंदाज, आणि अंदाज चुकवणारी एक गोष्ट इंजिनातच असते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. क्रँक आणि कॅम यांच्यात 250 मिलिमीटर अंतर धरलं आणि इंजिन 80 अंशांनी तापलं, तर ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे 0.46 मिलिमीटर वाढतो, पोलादी चेनची एक बाजू जेमतेम 0.24. म्हणजे थंड इंजिनात घट्ट लावलेली चेन गरम झाल्यावर आणखी ताणली जाते. मग गाइडची पट्टी झिजते आणि कॅमच्या बेअरिंगवर नको तो भार येतो. अनेक इंजिनांत कॅम थेट हेडच्या ॲल्युमिनियममध्येच फिरतो. तिथं झीज झाली तर बदलायला वेगळं बेअरिंगही नसतं. सैल चेन निदान आवाज करते, जास्त आवळलेली गप्प राहून नुकसान करते. या फरकाकडे फार कमी लोक लक्ष देतात.

हाताच्या टेन्शनरची बाजू घेणाऱ्यांचा आक्षेप पोकळ मात्र नाही. होंडाच्या 996 सीसीच्या व्हीटीआर1000एफ या गाडीत स्वयंचलित टेन्शनरची स्प्रिंग तुटून इंजिन बिघडल्याचे प्रकार इतके गाजले, की पुष्कळ मालकांनी दोन्ही सिलिंडरचे टेन्शनर काढून बोल्टवाले बसवले. बोल्टला तुटायला स्प्रिंगच नाही, हे खरंच. रेसिंगचं इंजिनही वरचेवर उघडलं जातं, तिथं हा बदल शहाणपणाचा ठरतो. परंतु तो कुणाला शोभतो? दर काही हजार किलोमीटरला वेळ काढून, कान देऊन चेन लावणाऱ्याला. 1985 साली आलेल्या हीरो होंडा सीडी100 आणि तिच्यानंतरच्या स्प्लेंडरनं आपल्याकडे फोर-स्ट्रोक गाडी घरोघरी नेली, ती स्प्रिंग आणि तेलावर चालणारा टेन्शनर घेऊनच. दूधवाल्याच्या, शिक्षकाच्या, शेतावर ये-जा करणाऱ्याच्या गाडीची सर्व्हिसिंग सवडीनं होते. या गाड्यांत पान्याची वाट पाहणारा टेन्शनर असता तर किती इंजिनं फुकट गेली असती, याचा विचार करावा. एका मॉडेलची स्प्रिंग कमकुवत निघाली, तर दोष त्या स्प्रिंगचा. तिच्यासाठी सगळी रचनाच मोडीत काढण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. स्वयंचलित टेन्शनर झीज लपवतो. चेन लांबत जाते, प्लंजर पुढे सरकत जातो आणि गाडी शांत राहते. एके दिवशी प्लंजरची धाव संपते, आणि मग आवाज येतो तो एकदमच. त्या वेळी मेकॅनिकनं नुसता नवा टेन्शनर बसवून दिला तर पैसे वाया गेले म्हणून समजा, कारण दुखणं चेनमध्ये असतं. अर्थात प्रत्येक खडखड म्हणजे चेन संपली असंही नव्हे. रॅचेटच्या दोन दातांमधलं अंतर भरण्याइतकी झीज झाली नसेल तर सकाळी थंड इंजिनात थोडा आवाज येतो आणि सिलिंडर तापून वाढला की थांबतो. तेलाच्या दाबावरचा टेन्शनर असेल तर दाब तयार होईपर्यंत काही क्षण असाच आवाज होऊ शकतो. गरम इंजिनातही टिकून राहणारा आवाज मात्र तपासायलाच हवा, आणि तपासायचं साधन टेन्शनरमध्येच आहे. रॅचेटवाला टेन्शनर काढताना प्लंजर किती बाहेर आलाय ते पाहावं, दाते मोजावेत. शेवटचे एक-दोनच उरले असतील तर चेन, गाइड आणि गरजेनुसार स्प्रॉकेट एकत्र बदलण्याची वेळ आली आहे. टेन्शनर परत बसवताना प्लंजर आधी पूर्ण आत ढकलून अडकवावा लागतो. बाहेर आलेलाच तसा बोल्टनं आवळला तर चेन त्याच क्षणी प्रमाणाबाहेर ताणली जाते.