मातीची शिदोरी (लेखांक ७) : फॉस्फेट काढा, कर्ब राहू द्या

गेल्या आठवड्यात खनिज फॉस्फेटचे साठे पाहिले. जगातले सुमारे सत्तर टक्के साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत, आणि आपल्या डीएपीची बहुतेक भिस्त आयातीवर. आज नेमका उलट पेच. नेदरलँड्समध्ये फॉस्फेट इतके झाले की ते टाकायचे कुठे, असा प्रश्न उभा राहिला.

तिथली डुकरे आणि गाई ब्राझीलसारख्या देशांतून आलेली सोयाबीन पेंड खातात. पेंडीबरोबर तिकडच्या शेतांतला फॉस्फरसही बोटीने येतो. जनावराच्या अंगी लागतो तो थोडाच. बाकीचा मलमूत्रात उतरतो. वर्षानुवर्षे ही स्लरी जवळपासच्या शेतांत ओतली गेली. माती तुडुंब झाली, फॉस्फेट ओढ्या-कालव्यांत झिरपले आणि पाण्यात शेवाळ माजले. अखेर देशभरच्या पशुधनातून वर्षाला १७ कोटी २९ लाख किलोपेक्षा जास्त फॉस्फेट निघता कामा नये, अशी मर्यादा आली. २०१८ पासून तर दुभती गाय ठेवायची तरी फॉस्फेटचा हक्क पदरी असावा लागतो.

स्लरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. ती ट्रकने दूरवर नेणे म्हणजे पाणी वाहून नेणे. दुसरा मार्ग खत जाळण्याचा. तिथल्या मूरडाइक येथे २००८ पासून कोंबडीखत जाळून वीज करतात. राखेत स्फुरद आणि पालाश शिल्लक राहतात, पण सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुराबरोबर जातात. मला ही किंमत फार वाटते.

म्हणूनच गेल्डरलँड प्रांतातल्या बेल्ट्रम गावचा प्रयोग मोलाचा आहे. वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या बायोगॅस प्रकल्पासाठी स्लरीतून फॉस्फेट वेगळे काढण्याची पद्धत बसवली. गॅस काढून झाला की उरलेली स्लरी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. बहुतेक फॉस्फेट चोथ्यात राहते. तो पाण्यात कालवून त्यात गंधकाम्ल सोडतात. कार्बोनेट विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टाकीत फेस चढतो, त्यामुळे आम्ल बेतानेच सोडावे लागते. सामू पाचच्या आसपास आला की चुन्याशी आणि मॅग्नेशियमशी जखडलेले फॉस्फेट पाण्यात उतरते. मग चोथा पिळून काढायचा. पाण्यात चुना घातला की सामू चढतो आणि तळाशी कॅल्शियम फॉस्फेटचा पांढुरका साका बसतो.

साक्यातले फॉस्फेट, जिथे त्याची वाण आहे तिथे पाठवता येते. धुतलेल्या चोथ्यात कर्ब भरपूर आणि फॉस्फेट कमी, म्हणून तो तिथल्याच भरलेल्या जमिनीला पुन्हा देता येतो. फॉस्फेटपायी त्या शेतांचे सेंद्रिय खत तुटत होते, ते आता तुटत नाही.

खर्चाचे गणित मात्र सोपे नाही. आम्ल विकत, चुना विकत, आणि खाणीतले फॉस्फेट स्वस्त. नुसता साका विकून हा कारखाना चालणार नाही. पण तिथले पशुपालक स्लरी उचलून नेण्यासाठी पदरचे पैसे मोजतात, आणि प्रकल्पाला खरा आधार त्या पैशांचा आहे.

पुढील लेखांकात : पुटन गावी वासरांच्या स्लरीतून निघणारे पालाशयुक्त स्ट्रुव्हाइट.