दोघांच्या मिशा

माणसाच्या ओठावर असतात त्या मिशा, आणि मांजराच्या नाकाशेजारी फिस्कारलेल्या असतात त्याही मिशाच. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे लिलियन जॅक्सन ब्रॉन या अमेरिकन लेखिकेने चाळीस वर्षं पुरवून वापरलेला एक विनोद तिच्या मूळ वाचकांपेक्षा मराठी माणसाला चटकन पोचावा. तिचा नायक जिम क्विलरन हा पत्रकार. कुठे पाणी मुरतंय असा वास आला की याची झुपकेदार मिशी शिवशिवायला लागते. घरातला सयामी बोका कोको, त्याच्याही मिशा ऐन वेळी ताठ. फरक इतकाच, की आपल्याला काहीतरी उमगलंय हे क्विलरनला कळतं. कोकोला ते कळतं का, हे २९ कादंबऱ्या वाचून झाल्या तरी छातीठोकपणे सांगता येत नाही.

मला यातलं पहिलं पुस्तक मिळालं ते नव्वदच्या दशकात, फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर. मुखपृष्ठावर मांजर होतं म्हणून घेतलं, दुसरं काही कारण नाही. रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार नाहीतर काळापहाड, या बाळकडूवर वाढलेल्या माणसाला ते पुस्तक आधी फारच मिळमिळीत वाटलं. पिस्तूल नाही, पाठलाग नाही, वेषांतर नाही. खून होतो, पण पडद्यामागे. लोक जेवतात भरपूर. तपास करणारा पोलिसखात्यातला नाही, आणि त्याला मदत करणारा तर माणूसच नाही. या प्रकाराला इंग्रजीत कोझी म्हणतात हे नंतर कळलं. आपल्याकडे एकेकाळी चहाच्या किटलीवर घालायला हौसेने टीकोझी विणायचे, तिच्यातलाच हा कोझी. आत वाफाळता खून आणि वर लोकरीची टोपी.

मांजर आणि गुन्हा ही जोडी तशी जुनी. एडगर अ‍ॅलन पोची काळ्या मांजराची कथा १८४३ची, पण तिथे मांजर खुन्याला पकडून देतं ते सूडासारखं, आणि कथा वाचून झोप उडते. उबदारपणा आला तो १९२७ साली अगाथा ख्रिस्तीने मिस मार्पलला कथेत आणल्यावर. खेडेगावातली अविवाहित म्हातारी, हातात विणकाम, आणि आख्ख्या गावाच्या उचापती पाठ. तिला मांजर जोडायचं काम पुढे अमेरिकनांनी केलं. डी. बी. ऑल्सेन या टोपणनावाने लिहिणाऱ्या डोलोरेस हिचिन्सने १९३९ साली सत्तरीची रेचल मर्डॉक आणि तिची मांजरी समँथा आणली. पाठोपाठ फ्रान्सिस आणि रिचर्ड लॉकरिज या जोडप्याने न्यूयॉर्कच्या नॉर्थ दांपत्याला गुन्हे उकलायला बसवलं; त्यांच्याही घरात मांजरांचा वावर. पण ही मांजरं घरातल्या उशांसारखी होती. असली तर छान, नसली तरी खुनी सापडलाच असता.

ब्रॉनचं तसं नव्हतं. तिच्याकडे खरोखरचा कोको होता, नवऱ्याने वाढदिवसाला आणून दिलेला सयामी. नाव गिल्बर्ट आणि सलिव्हनच्या ‘द मिकाडो’ या संगीतिकेतलं. घर दहाव्या मजल्यावर. एक दिवस कोको खिडकीतून खाली पडून मेला, आणि कोणीतरी त्याला ढकललं असं शेजाऱ्यांकडून तिच्या कानावर आलं. मग तिला रात्री पडण्याची स्वप्नं पडायला लागली. त्यातून सुटायला तिने एक कथा लिहिली, ‘द सिन ऑफ मादाम फ्लोइ’. १९६२ साली ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’मध्ये ती छापून आली. उंच इमारतीतली एक सयामी आई, तिचं पिल्लू शेजारचा माणूस खिडकीतून टाकून देतो, आणि मग ती आई त्याचा हिशोब चुकता करते. कथा मांजरीच्या नजरेतून आहे, अगदी थंड डोक्याने लिहिलेली. पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांत इतका राग कुठेच नाही. मला तर वाटतं, तो राग तिथेच फेडून टाकल्यामुळे पुढचं सगळं उबदार लिहिता आलं.

ती तेव्हा ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ या दैनिकात होती. ‘गुड लिव्हिंग’ या विभागाची संपादक, जवळपास तीस वर्षं. चित्रप्रदर्शनं, गृहसजावट, जुनं फर्निचर, हे तिचं रोजचं खातं. कथेचं कौतुक झालं, कादंबरी मागितली गेली, आणि १९६६ साली ‘द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्स’ आली. लेखिकेचं वय ५३.

या पहिल्या कादंबरीत क्विलरन पूर्वीचा नावाजलेला गुन्हे-बातमीदार, दारूपायी आयुष्याची वाट लावून घेतलेला आणि आता दारू सोडलेला. ‘डेली फ्लक्शन’ नावाच्या पेपरात त्याला नोकरी मिळते ती कलेच्या पानावर, ज्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. वर्तमानपत्रात काम केलेल्या कोणालाही हे वाचताना हसू येईल. क्रीडावाल्याला शेअरबाजारावर बसवायची रीत सगळीकडे सारखीच. तो एका विखारी लेखणीच्या कलासमीक्षकाच्या घरात खालच्या मजल्यावर भाड्याने राहतो. वरच्या मजल्यावर समीक्षकाचा बोका. तेराव्या शतकातल्या एका चिनी चित्रकारावरून त्याचं नाव काओ को-कुंग, घरात हाक मारायला कोको. पेपर समोर धरला की हा बोका मथळ्यावरून नाक फिरवतो, पण उजवीकडून डावीकडे. एवढंच. कादंबरीत पुढे या उलट्या वाचनाला अर्थ येतो. तो अर्थ क्विलरन लावतो. बोक्याने केलेलं असतं ते फक्त शाईचा वास घेणं.

ब्रॉनची सगळी कारागिरी इथे आहे. दुसऱ्या कादंबरीत (१९६७) कोको डॅनिश पद्धतीच्या खुर्च्यांवरचं लोकरी कापड खातो. सयामी मांजरांना लोकर चघळायची खोड असते, ही पाळणाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. ब्रॉनने त्या खोडीवरून पुस्तकाला नाव दिलं आणि तिलाच रहस्यात ओवलं. तिथेच तो आणि क्विलरन शब्दकोशाचा खेळ खेळायला लागतात. बोका जाडजूड कोशात नखं रुतवतो, क्विलरन ते पान उघडून शब्द वाचतो. पुढे कोको शेल्फावरून पुस्तकं पाडायला लागला आणि कुठलं पुस्तक पडलं यावर वाचकांची नजर राहू लागली. मांजर पाळणाऱ्या माणसाला यात नवल काय? मांजर वस्तू ढकलतंच. ढकलून खाली वाकून बघतं आणि वर आपल्याकडे बघतं. त्या दुसऱ्या बघण्यात ब्रॉनने आपली २९ पुस्तकं बसवली.

शीर्षकांचा साचाही तिने सुरुवातीलाच बांधून टाकला. प्रत्येक नाव ‘द कॅट हू’ने सुरू. इंग्रजीत प्राण्याला ‘हू’ लावणं हा लाड आहे, त्याला माणसात घेणं आहे. मराठीत या नावांचा अनुवाद करायचा म्हटला तर पहिल्याच शब्दाला अडखळायला होतं. ‘जे मांजर’ म्हणावं तर ते नपुंसकलिंगी, म्हणजे कोकोचा अपमान; ‘जो बोका’ म्हणावं तर तो लगेच दांडगट वाटतो, कौलांवरून ओरडत फिरणारा. दुसऱ्या पुस्तकात आलेल्या यम यमचं तसं सोपं आहे. ती ‘जी मांजरी’. पण अक्कल सगळी कोकोकडे आणि यम यमकडे फक्त गोडवा आणि चोऱ्या, ही वाटणी मला कधीच पटली नाही. माझ्या पाहण्यात तरी उलटंच असतं.

१९६८ साली तिसरी कादंबरी आली, भंगार आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात घडणारी. आणि मग सगळं थांबलं. चौथीचं हस्तलिखित तयार होतं, पण प्रकाशकांची चव बदलली होती. त्यांना आता बिछाना आणि रक्त हवं होतं. क्विलरनकडे दोन्ही नव्हतं. ब्रॉनने हस्तलिखित ठेवून दिलं आणि पेपरातली नोकरी करत राहिली. १९७८ साली ती निवृत्त झाली.

त्याच १९७८ साली जपानमध्ये जिरो आकागावा या लेखकाने तिरंगी मांजरी होम्स हिला पहिल्यांदा कादंबरीत आणलं. तिचा साथीदार कातायामा हा तोक्योच्या पोलिसखात्यातला डिटेक्टिव्ह, पण रक्त बघितलं की याला भोवळ, आणि बायकांसमोर बोबडी वळते. होम्सही बोलत नाही. ती नेमक्या ठिकाणी जाऊन बसते किंवा काहीतरी करते, आणि कातायामाच्या डोक्यात प्रकाश पडतो. मालिका तिकडे अफाट चालली, २०१२ साली टीव्हीवरही आली. एका टोकाला ब्रॉनचा कोको अडगळीत, दुसऱ्या टोकाला होम्स जोरात.

कोकोला बाहेर काढलं ते ब्रॉनच्या दुसऱ्या नवऱ्याने, अर्ल बेटिंजरने. त्याने जुनं हस्तलिखित वाचलं आणि ते पाठवायला लावलं. ‘द कॅट हू सॉ रेड’ १९८६ साली थेट स्वस्त पेपरबॅकमध्ये निघाली आणि अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या एडगर पुरस्कारासाठी नामांकनापर्यंत पोचली. मध्ये १८ वर्षं गेली होती. लेखिका ७३ वर्षांची. या काळात हवा बदलली होती. १९८४पासून अमेरिकन टीव्हीवर ‘मर्डर, शी रोट’ सुरू होती. त्यात अँजेला लॅन्सबरीची जेसिका फ्लेचर केबट कोव्ह नावाच्या चिमुकल्या गावात दर आठवड्याला एक मुडदा निकालात काढायची. लोकांना पुन्हा टीकोझीखालचा खून आवडायला लागला होता असा माझा तर्क. नुसत्या नवऱ्याच्या आग्रहाने पुस्तकं खपत नाहीत.

मग धबधबा. १९८७ साली दोन, १९८८ साली दोन आणि वर एक कथासंग्रह. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्विलरनला तिने शहरातून उचललं. आधी सुटीला म्हणून तो मूस काउंटीत जातो, सगळ्या जगापासून ४०० मैल उत्तरेला, आणि मग एक प्रचंड वारसा पदरात पडून तिथलाच होऊन जातो. जुनं सफरचंदांचं कोठार दुरुस्त करून राहतो, पैसा एका न्यासाकडे सोपवतो आणि गावच्या पेपरात सदर लिहितो. त्या पेपराचं नाव काय असावं? ‘मूस काउंटी समथिंग’. नाव सुचेना म्हणून ‘कायतरी’. संपादकाच्या खुर्चीत आयुष्य गेलेल्या बाईलाच हा विनोद सुचावा.

नव्वदच्या दशकात या मांजराच्या पावलावर पाऊल टाकून बरीच मांजरं आली. १९९०मध्ये रिटा मे ब्राउनची मालिका सुरू झाली, व्हर्जिनियातल्या क्रोझे गावची पोस्टमास्तरीण हॅरी, तिची मांजरी मिसेस मर्फी आणि कॉर्गी कुत्री टकर. इथे जनावरं आपसात बोलतात, माणसांना मात्र काही ऐकू येत नाही. पुस्तकावर सहलेखिका म्हणून चक्क मांजरीचं नाव, स्नीकी पाय ब्राउन. १९९२मध्ये कॅरोल नेल्सन डग्लसचा मिडनाइट लुई लास व्हेगासमध्ये अवतरला. हा काळा, वजनदार बोका स्वतःच निवेदन करतो, तेही जुन्या सिनेमातल्या खासगी हेराच्या बेरकी आवाजात. १९९६मध्ये शर्ली रूसो मर्फीचा जो ग्रे आला. त्याने शेवटची पायरी ओलांडली, तो माणसांशी सरळ इंग्रजीत बोलतो. यांतल्या मिसेस मर्फीवर माझा लोभ आहे, तिच्या जिभेला धार आहे. पण जो ग्रे बोलू लागतो तिथे माझ्यापुरतं काहीतरी निसटतं. साक्षीदार बोलता झाला की मग तो मांजर असला काय, शेजारचे काका असले काय. २०१० साली मिरांडा जेम्स या नावाने सुरू झालेल्या मालिकेत मिसिसिपीतला ग्रंथपाल चार्ली हॅरिस आणि त्याचा अगडबंब मेन कून बोका डीझेल आहेत. डीझेल फक्त सोबत येतो आणि दुःखी माणसाच्या मांडीवर डोकं ठेवतो. तपासात त्याचा उपयोग शून्य. तरी ते वाचताना मला मूस काउंटीची आठवण येते.

ब्रॉनची शेवटची पुस्तकं पातळ होत गेली, हे मान्य करायला हवं. खून कोणी केला हे शेवटच्या चार पानांत घाईघाईने उरकलेलं, कधीकधी तर नीट उरकलेलंही नाही. पानं भरलेली असायची ती जेवणांनी, गावच्या जत्रांनी, पॉली डंकन या ग्रंथपाल मैत्रिणीबरोबरच्या गप्पांनी. चिडचिड करत मी ती वाचली, आणि पुढचं आलं की तेही घेतलं. जानेवारी २००५मध्ये तिने एका वर्तमानपत्राला आपलं खरं वय सांगितलं तेव्हा उलगडा झाला; तोवर जन्मसालाबद्दल घोळच होता. बाई नव्वदी पार करून वर्षाला एक पुस्तक देत होत्या.

एकोणतिसावं पुस्तक २००७चं. तिसावं जाहीर झालं होतं, ‘द कॅट हू स्मेल्ड स्मोक’, पण ते निघालंच नाही. ४ जून २०११ रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वाढदिवसाला थोडे दिवस कमी असताना, ब्रॉन गेली.

त्या एकोणतिसाव्याचं नाव ‘द कॅट हू हॅड ६० व्हिस्कर्स’. बाकीच्या मांजरांना म्हणे ४८, कोकोला ६०, आणि म्हणून त्याला सगळं आधी कळतं, हा क्विलरनच्या घरातला जुना सिद्धान्त. चाळीस वर्षं जे कोडं राखलं त्याचं उत्तर म्हणून हे देणं म्हणजे वाचकाच्या डोक्यात टपली मारणंच, कारण खरं-खोटं करायचं तर मोजणार कोण? मी आमच्या मांजरीच्या मोजायला बसलो होतो. चौदापर्यंत पोचलो, मग ती कपाटाखाली गेली आणि संध्याकाळच्या दुधापर्यंत बाहेर आली नाही.