कचेरीतला संगणक – लेखांक १४ : मायन्याचा रकाना

मागच्या लेखांकात आपण एक्सेलची यादी वर्डच्या पत्राला जोडली आणि प्रत्येक सभासदाचं नाव, फ्लॅट क्रमांक आणि थकबाकी ज्याच्या त्याच्या पत्रात आपोआप बसवली. उदाहरण गृहनिर्माण सोसायटीचं होतं, तेच पुढे चालवू. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं की सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिची नोटीस पुरेसे दिवस आधी प्रत्येक सभासदाला पोचवावी लागते. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की सेक्रेटरी पत्रांच्या मागे लागतात. नाव-पत्ता बिनचूक येतो. गाडी अडते ती त्याखालच्या ओळीवर : ‘महोदय’ की ‘महोदया’?

यावरचे तीन प्रचलित उपाय सगळ्यांनी पाहिलेले असतात. पहिला, ‘महोदय/महोदया’ असं छापून वाचणाऱ्यावर सोडून देणं. दुसरा, सरसकट सगळ्यांना ‘महोदय’ करून टाकणं. तिसरा, नावावरून ताडणं. या तिसऱ्यात किरण, शीतल, शशी आणि हर्षल यांच्यापाशी हमखास घोळ होतो. तिन्ही उपाय फसतात, कारण मायना काय असावा याचा निर्णय आपण पत्र लिहिताना घेऊ पाहतो, तो घ्यायला हवा यादी करताना. यादीत जी माहिती नाही ती वर्ड कुठून आणणार? म्हणून आजचं निम्मं काम एक्सेलमध्ये आहे.

तयार बटण का नको?

वर्डच्या ‘मेलिंग्ज’ टॅबवर ‘ग्रीटिंग लाइन’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की ‘डिअर मिस्टर अमुक’ या धर्तीचे नमुने समोर येतात. नाव सापडलं नाही तर काय छापायचं, तेही तिथेच ठरवता येतं. इंग्रजी पत्राला ते पुरतं. पण आपल्या औपचारिक मायन्यात आडनाव येत नाही, संबोधन येतं आणि ते स्त्री-पुरुषांसाठी वेगळं असतं. ग्रीटिंग लाइनला हा फरक करता येत नाही. मराठी पत्रासाठी हे बटण विसरून गेलेलं बरं.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांचं थोडं सोपं आहे. त्याच्या मेल मर्ज विझार्डमध्ये स्त्रियांसाठी, पुरुषांसाठी आणि सर्वसाधारण असे तीन मायने वेगवेगळे देता येतात. यादीतला कोणता रकाना आणि त्यातली कोणती नोंद म्हणजे स्त्री, हेही तो विचारून घेतो. मात्र त्यालाही तो रकाना यादीत लागतोच.

जर-तरचा नियम

वर्डमध्ये हेच काम ‘रूल्स’ या बटणाखालचा ‘इफ… देन… एल्स’ करतो. यादीत ‘लिंग’ नावाचा रकाना आहे असं धरू. मायन्याच्या जागी कर्सर ठेवा, रूल्समधून हा नियम उघडा. ‘फील्ड नेम’मध्ये लिंग, ‘कंपॅरिझन’मध्ये इक्वल टू, ‘कंपेअर टू’मध्ये स्त्री. खाली दोन चौकटी असतात. वरचीत ‘महोदया,’ आणि खालचीत ‘महोदय,’ लिहून ओके केलं की झालं.

झालं, पण पुरतं नाही. खालची चौकट म्हणजे ‘नाहीतर’. ज्या सभासदाचा लिंगाचा रकाना भरायचा राहिला असेल तोही त्या ‘नाहीतर’मध्ये जातो आणि न विचारता ‘महोदय’ होऊन बसतो. चूक झाली तरी वर्ड हूं की चूं करत नाही. म्हणून ‘नाहीतर’ची चौकट रिकामी ठेवायची आणि एकापाठोपाठ एक वेगळे नियम टाकायचे : स्त्री असेल तर ‘महोदया,’, पुरुष असेल तर ‘महोदय,’, रकाना रिकामा असेल तर ‘सन्माननीय सभासद,’. शेवटच्या नियमासाठी कंपॅरिझनच्या यादीत ‘इज ब्लँक’ हा पर्याय असतो. दर पत्रात तिघांपैकी एकच नियम लागू होतो, बाकीचे दोन काहीच छापत नाहीत.

आणखी एक खोड. नियमाने छापलेला शब्द कधी कधी उरलेल्या पत्रापेक्षा वेगळ्या फाँटात उमटतो. ऑल्ट आणि एफ-९ दाबलं की महिरपी कंसातला मूळ कोड दिसतो. तो सगळा निवडून फाँट लावा आणि पुन्हा ऑल्ट-एफ-९ दाबा. देवनागरीसाठीचा फाँट फाँटच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या नावाखाली वेगळा निवडावा लागतो, हे ध्यानात असू द्या.

मायन्यांचा तक्ता

दोनच प्रकार असतील तोवर नियम ठीक. पण सोसायटीत फ्लॅट जोडीच्या नावावर असतात, तळमजल्यावरचा गाळा एखाद्या फर्मच्या नावावर असतो, काही सभासदांना संबोधनात स्त्री-पुरुष असा उल्लेखच नको असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली, तेव्हापासून अनेक अर्जांत तिसरा पर्याय आला. आपल्या पत्रातही तो हवा. एवढ्या फांद्या फुटल्या की नियमांवर नियम चढवण्यापेक्षा एक तक्ता करणं सोयीचं.

ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. मोडीच्या काळात कारकुनांसाठी ‘मेस्तकं’ असत. कोणत्या दर्जाच्या माणसाला कोणता मायना, याचे नमुने त्यांत नोंदलेले असत. ‘राजमान्य राजेश्री’ कोणाला, ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’ कोणाला, ‘तीर्थस्वरूप’ आणि ‘चिरंजीव’ कोणाला, हे कारकून मनाने ठरवत नसे, नमुना पाहून लिहीत असे. आपणही एक्सेलमध्ये तेच करायचं.

वर्कबुकात ‘मायने’ नावाची दुसरी शीट उघडा. पहिल्या रकान्यात खूण, दुसऱ्यात मायना :

१ – महोदय,
२ – महोदया,
३ – महोदय, महोदया,
४ – सन्माननीय सभासद,
५ – सप्रेम नमस्कार,

तीन क्रमांक जोडीच्या फ्लॅटसाठी, चार फर्मसाठी आणि ज्यांना तटस्थ संबोधन हवं त्यांच्यासाठी, पाच कमिटीच्या जवळच्या जुन्या मंडळींसाठी. मुख्य यादीत प्रत्येक सभासदापुढे फक्त आकडा टाकायचा. शेजारच्या रकान्यात व्हीलुकअपचं सूत्र लिहायचं. त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात : काय शोधायचं (खूण), कुठे शोधायचं (मायने शीटचे दोन रकाने, डॉलरची चिन्हं लावून पक्के केलेले), कितव्या रकान्यातलं उत्तर आणायचं (दोन) आणि जुळणी तंतोतंत हवी का (फॉल्स). हा शेवटचा ‘फॉल्स’ गाळला तर एक्सेल जवळपासची नोंदही चालवून घेतं आणि चुकीचा मायना गुपचूप आणून ठेवतं. फॉल्स लिहिलेला असला की खूण न सापडल्यावर रकान्यात ठळक एरर दिसते आणि ती दुरुस्त करता येते. तक्त्यात खुणेपुढचा मायना लिहायचा राहिला असेल तर मात्र सूत्र शून्य देतं, आणि सभासदाच्या पत्राची सुरुवात शून्याने होते! तक्ता पूर्ण भरलाय ना, हे आधीच बघा.

आता वर्डमध्ये नियमांची गरज उरली नाही. मायन्याच्या जागी ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’मधून हा नवा रकाना टाका, बस. पुढच्या वर्षी ‘सन्माननीय सभासद’ऐवजी दुसरं काही हवं असेल तर तक्त्यातला एकच शब्द बदलायचा.

शब्दांऐवजी आकडे का, असं कोणी विचारेल. ‘स्त्री’ हा शब्द पाच जणांनी टाइप केला तर एखाद्याच्या हातून शेवटी स्पेस पडते, एखाद्याच्या कीबोर्डमुळे मधे न दिसणारं जोडचिन्ह येतं. डोळ्यांना सगळे ‘स्त्री’ सारखेच, संगणकाला वेगवेगळे. ‘कु’ आणि ‘कु.’ यांचंही तेच. आकड्यात अशी भानगड जवळजवळ होत नाही. तरी मोबाइलवरून किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात वेगळ्या जातीची स्पेस येते आणि ती एक्सेलच्या ‘ट्रिम’लाही दाद देत नाही. ती ‘फाइंड अँड रिप्लेस’ने काढता येते.

उपाधी वेगळी, संबोधन वेगळं

नावाआधीची उपाधी आणि मायना यांची गल्लत करू नका. ‘डॉ.’ किंवा ‘अ‍ॅड.’ यावरून संबोधन कळत नाही. म्हणून उपाधीचा रकाना स्वतंत्र ठेवा आणि त्यात सभासद स्वतः जे सांगेल ते, जसंच्या तसं लिहा. सगळ्यात जास्त जपायचं ते ‘सौ.’ला. पती गेल्यानंतरही सोसायटीच्या यादीत ‘सौ.’ तशीच राहते आणि दर वर्षी नोटीस ती जखम उघडी करते. कोणी स्वतःहून मागितल्याशिवाय ‘सौ.’ आणि ‘कु.’ वापरू नये आणि सर्व स्त्रियांना ‘श्रीमती’ लिहावं, हे उत्तम. काहींना मात्र ‘श्रीमती’ म्हणजे विधवा असं वाटतं, तेव्हा नुसतं नाव हा पर्यायही ठेवा. सभासदत्वाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवली की प्रश्न मिटतो : ‘पत्रात आपल्या नावाआधी काय लिहावे?’ – श्री., श्रीमती, सौ., कु., डॉ., अन्य, काही नको.

‘कै.’ ही उपाधी पत्राच्या यादीत येताच कामा नये. सभासद दिवंगत झाला असेल तर ‘पत्र पाठवायचे’ असा हो-नाहीचा रकाना करा आणि वर्डमधल्या ‘एडिट रेसिपिएंट लिस्ट’च्या फिल्टरने फक्त ‘हो’वाले निवडा. पत्रव्यवहार वारस किंवा नामनिर्देशित व्यक्तीशी चालू असेल तर तिच्या नावाची स्वतंत्र ओळ यादीत घाला.

नावाच्या रकान्यांची नावंही तपासा. मधल्या रकान्याला ‘वडिलांचे/पतीचे नाव’ म्हणण्याचे दिवस गेले. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नावही येतं. ‘मधले नाव’ एवढं पुरे.

मजकुरातला मायना

मायना बरोबर जमला आणि खालच्या वाक्याने घात केला, असंही होतं. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागला की आडनावाचं रूप बदलतं : गोखले – गोखल्यांनी, मोरे – मोऱ्यांचा, देशपांडे – देशपांड्यांकडे. मर्ज फील्डला हे कळत नाही. फील्डच्या शेपटीला ‘ला’ किंवा ‘ने’ जोडलात तर ‘गोखलेला’, ‘मोरेने’ असं छापून येईल आणि सभासद पत्र घेऊन थेट ऑफिसात येतील. फील्डनंतर नेहमी जागा सोडून ‘यांना’, ‘यांनी’, ‘यांचा’, ‘यांच्याकडे’ लिहा. नाव जसं आहे तसं राहतं आणि आदरही राखला जातो.

क्रियापदाचंही असंच. ‘गेल्या सभेला आपण आला नव्हता’ हे वाक्य पुरुषाला ठीक, स्त्रीला ‘आल्या नव्हत्या’ हवं. त्यासाठी आणखी एक नियम टाकण्यापेक्षा वाक्यच फिरवा : ‘गेल्या सभेला आपली उपस्थिती नव्हती.’ ‘आपण थकबाकी भरलेली नाही’ हे कोणालाही चालतं, कारण क्रियापद थकबाकीमागे जातं. ‘उपस्थित राहावे’, ‘कळवावे’, ‘भरणा करावा’ ही नोटिशीची नेहमीची रूपं याच कामी येतात.

छापण्याआधी

यादी जुनी असेल तर नावं श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटात टाइप केलेली असू शकतात. एक्सेलमध्ये ती मराठी दिसतात, पण वर्डमध्ये आल्यावर त्यांचा इंग्रजी अक्षरांचा काला होतो, कारण मर्ज मजकूर आणतं, एक्सेलचा फाँट आणत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे फील्डला तोच जुना फाँट लावणं. कायमचा उपाय म्हणजे यादी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून एकदा नजरेखालून घालणं.

मग तपासणी. पहिलं पत्र बघून प्रिंट देऊ नका. यादी खुणेच्या रकान्यानुसार लावून घ्या, म्हणजे एका प्रकारची पत्रं सलग येतील. ‘प्रिव्ह्यू रिझल्ट्स’मध्ये प्रत्येक प्रकारातली दोन-तीन पाहा. त्यानंतर ‘फिनिश अँड मर्ज’मधून थेट प्रिंटरकडे न जाता ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ घ्या. सगळी पत्रं एका नव्या फाइलीत उघडतात. पत्रांची संख्या यादीतल्या ‘हो’च्या संख्येशी जुळवा. जोडीचे आणि फर्मचे फ्लॅट थोडे असतात, ते मात्र सगळे वाचा, कारण चुका तिथेच सापडतात.

या आठवड्यात एवढं करा : आपल्या यादीत उपाधी, खूण, मायना आणि ‘पत्र पाठवायचे’ हे चार रकाने वाढवा. ज्यांचं संबोधन नक्की माहीत नाही त्यांच्यापुढे चार क्रमांक टाका आणि नोटिशीसोबत विचारणा करा. पुढच्या लेखांकात याच यादीवरून लिफाफे आणि चिकटवायची लेबलं कशी छापायची, आणि एका पानावर एकच नाव चोवीस वेळा का उमटतं, ते पाहू.