फिश टँकवाल्यांच्या क्लबचे पैसे समुद्रापर्यंत कसे पोहोचतात?

अहमदपूरला मासा म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक, बाजारात येणारे धरणातले रोहू-कटला. दुसरा गप्पी, जो डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य विभाग हौदात आणि डबक्यात सोडतो. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून लांब. जवळची मन्याड नदीसुद्धा कोकणाकडे जात नाही. तिचं पाणी मांजरा आणि पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतं.

आता समजा, इथल्याच कॉलेजात झूलॉजी शिकणाऱ्या एका मुलीला प्रवाळांचा अभ्यास करायचाय. पुढे पीएचडीला लागली तर फेलोशिप मिळेलही. पण त्याआधीचं काय? मुंबई किंवा मालवणचं तिकीट, चार दिवस राहणं, भिंग, नमुन्यांच्या बाटल्या, होडीचं डिझेल. हा पहिला पंधरा-वीस हजारांचा खर्च कोण करणार? मोठ्या संशोधन प्रकल्पांच्या हिशेबात एवढी छोटी रक्कम बसत नाही आणि घरच्यांच्या हिशेबात ती फार मोठी असते.

नेमक्या याच ठिकाणी काही देशांतले हौशी मासेपालक पैसे घालतात. हो, घरात काचेच्या टाकीत मासे पाळणारेच.

हे पैसे येतात कुठून?

परदेशातले मासेपालकांचे क्लब आपल्याकडच्या भिशी मंडळासारखेच चालतात. महिन्याला भेटायचं, कुणाची टाकी का आजारी पडली यावर तासभर बोलायचं आणि शेवटी लिलाव. सदस्य आपल्या घरी वाढवलेली पिल्लं, पाणवनस्पती, प्रवाळाचे छोटे तुकडे पिशवीत बांधून आणतात. बोली लागते. त्यातला काही हिस्सा क्लबच्या खात्यात जातो, आणि त्यात वर्गणी आणि देणग्यांची भर पडली की अनुदानाचा गल्ला तयार होतो.

समुद्री मासे पाळणाऱ्या क्लबांची शिखर संस्था म्हणजे मरीन अ‍ॅक्वेरियम सोसायटीज ऑफ नॉर्थ अमेरिका, थोडक्यात मासना. समुद्रशास्त्र शिकणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती शिष्यवृत्ती देते. स्थानिक नदी-ओढ्यांतल्या माशांचे चाहते १९७२ मध्ये नॉर्थ अमेरिकन नेटिव्ह फिशेस असोसिएशन या नावाने एकत्र आले. त्यांच्याकडे संशोधनासाठी वेगळं आणि शाळा-शिक्षणासाठी वेगळं अशी दोन छोटी अनुदानं आहेत. सिक्लिड जातीचे मासे पाळणाऱ्या अमेरिकन सिक्लिड असोसिएशनचाही संशोधनासाठी स्वतःचा निधी आहे.

एवढ्याशा पैशात होतं काय?

बरंच काही. एक उदाहरण आपल्या किनाऱ्याचंच घेऊ, जरी तो पैसा क्लबचा नसला तरी.

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला एक ऑलिव्ह रिडले कासव आलं. त्याच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा एक बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. शोध घेतल्यावर कळलं की हा बिल्ला २०२१ मध्ये ओडिशात लावलेला आहे. तिथे अंडी घालणारी ही मादी श्रीलंकेला वळसा घालून, अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर पोहून कोकणात आली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं साधारणपणे वेगळी मानली जायची. त्या समजाला एका पत्र्याच्या तुकड्याने धक्का दिला.

उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र कासवाच्या पाठीवर लावायचं तर खर्च लाखांच्या घरात जातो. बिल्ला त्या मानाने अगदीच स्वस्त. ओडिशातली बिल्ले लावण्याची मोहीम भारतीय प्राणी सर्वेक्षणाची, म्हणजे सरकारी होती. पण दुसऱ्या टोकाला, गुहागरच्या वाळूत, तो क्रमांक वाचणारं आणि नोंदवणारं कुणीतरी हजर असावं लागतं. छोटं अनुदान कामाला येतं ते इथे. माणूस योग्य वेळी योग्य किनाऱ्यावर उभा राहावा, एवढीच त्या पैशाची कमाई.

पण क्लबवाल्यांना यात रस का?

थोडी हौस, थोडं कुतूहल, आणि थोडी टोचणीही. गोड्या पाण्यातले पाळीव मासे बहुतेक शेततळ्यांत आणि हॅचरीत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्याचं गणित उलटं आहे. टाकीतले बहुतेक समुद्री मासे थेट प्रवाळ बेटांवरून पकडून आणलेले असतात. म्हणजे ज्यांचा छंद समुद्रातून घेतो, तेच समुद्राला थोडं परत देतायत.

इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बांगाई कार्डिनल मासा हे याचं ठसठशीत उदाहरण. याचा नर अंडी तोंडात सांभाळतो आणि पिल्लं लांब वाहून जात नाहीत, त्यामुळे हा मासा जगात फारच थोड्या जागी सापडतो. नव्वदच्या दशकात तो फिश टँकवाल्यांच्या नजरेत भरला आणि लाखोंनी पकडला गेला. २००७ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद 'धोक्यात' अशी झाली. पुढे २०१२ मध्ये छंदी लोकांनीच ऑनलाइन वर्गणी काढून एक मोहीम उभी केली. काही जण बांगाईला जाऊन परिस्थिती पाहून आले, काहींनी घरी त्याची पैदास कशी करायची ते लिहून काढलं.

म्हणून सगळा हिशेब फिटला असं मात्र नाही. शिष्यवृत्ती दिली म्हणून पकडलेला मासा परत जात नाही. भारतात तर प्रश्न आणखी स्पष्ट आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते पकडणं, विकणं गुन्हा आहे. रील्समधला रंगीबेरंगी रीफ टँक पाहून तसंच काही घरी आणायचा विचार असेल तर हे आधी माहीत हवं.

महाराष्ट्रात हौशी लोकांनी असं काही केलंय का?

केलंय, आणि फार पूर्वी. १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जण जमले. निसर्गातल्या नोंदी आणि जमवलेले नमुने महिन्यातून एकदा एकमेकांना दाखवायचे, एवढाच बेत होता. त्यातले सहा युरोपीय, दोन भारतीय: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीची काही वर्षं या मंडळाचा संसार एका दारूच्या व्यापाऱ्याच्या जागेत होता. हेच मंडळ म्हणजे आजची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी पुढे गेटी पुरस्काराच्या रकमेतून निसर्ग संवर्धनाचा निधी उभा केला, तो याच संस्थेत.

समुद्राच्या बाजूने पाहायचं तर मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचं उदाहरण आहेच. १९५१ मध्ये ते सुमारे आठ लाख रुपयांत उभं राहिलं आणि त्यातले दोन लाख एका पारशी दात्याने दिले. अनेक मराठी मुलांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथल्या काचेपलीकडे, शाळेच्या सहलीत.

अलीकडचं उदाहरण 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चं. २०१७ मध्ये प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनी ते सुरू केलं. ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर न्यायचं, खडकांतल्या डबक्यांत काय दिसतं ते दाखवायचं, फोटो काढून आयनॅचरलिस्टवर टाकायचे. गिरगाव, जुहू, हाजी अली. ज्या पाण्याकडे मुंबईकर नाक मुरडतात, तिथे प्रवाळ, ऑक्टोपस, समुद्री गोगलगाई निघाल्या. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं हलवायचा विषय २०२० मध्ये आला, तेव्हा ती तिथे आहेत हे अनेकांना आधीच माहीत होतं.

छोट्या रकमेची एक सरकारी योजनाही इथे सांगायला हवी. डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. यातली गंमत अशी की त्या व्हिडिओंतून कोणता प्राणी कुठे, कधी सापडला याची माहितीही जमते.

अहमदपूरच्या त्या मुलीने सुरुवात कुठून करायची?

अर्ज कुठेही करायचा असो, छोट्या अनुदानासाठी प्रश्नही छोटा हवा. 'महाराष्ट्राच्या सागरी जैवविविधतेचा अभ्यास' याला कुणी वीस हजार देणार नाही. 'एका ठरावीक खडकाळ पट्ट्यावर सहा महिन्यांत किती प्रकारच्या समुद्री गोगलगाई दिसतात' याला देऊ शकेल. खर्च बसच्या तिकिटापर्यंत लिहायचा आणि माहिती शेवटी कुठे खुली ठेवणार तेही. सरावासाठी समुद्रच लागतो असं नाही. लिंबोटी धरणाच्या काठावर दर पंधरा दिवसांनी केलेली शिंपल्यांची नोंदसुद्धा अर्जाला जोडता येते.

आणि प्रवासाची तारीख ठरवायला अ‍ॅप लागत नाही. कोकणातले लोक भिंतीवरच्या कॅलेंडरवरून भरती काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला तीनची पाऊणपट, म्हणजे रात्री सव्वादोनला भरती, आणि साधारण सहा तासांनी, साडेआठच्या आसपास, ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या लगेच नंतरचे हे दिवस असल्याने पाणी चांगलं लांब जातं. लातूरहून रात्रीच्या गाडीने निघालेल्या माणसाने मुंबईत उतरून गिरगाव गाठायला ही वेळ सोयीची आहे.