धोतर घेताय? आधी कापड बघा, मग किंमत

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो, त्यांच्यासाठी आजचा भाग.

गेल्या मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नासाठी मी ऑनलाइन रेडीमेड धोतर मागवलं. ६०० रुपये, कमरेला इलास्टिक, निऱ्या आधीच शिवलेल्या, वर खिसासुद्धा! पण बीडचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. अर्ध्या तासात कापड पायाला चिकटलं आणि पंगतीत बसताना मागची शिवण उसवली. उरलेलं लग्न मी उपरणं कमरेला गुंडाळून काढलं. शेजारी आजोबा रोजच्याच धोतरात मांडी घालून निवांत जेवत होते. म्हणाले, "आरं, तू शिलाईला पैसे दिले बाबा, कापडाला नाही."

मुद्दा तिथंच आहे. धोतर म्हणजे साधारण साडेचार मीटरचं न शिवलेलं कापड. एका नगाला 'पान' म्हणतात, दोन पानांची जोडी. शिलाईच नाही, त्यामुळं सगळी किंमत कापडाची. स्कॉटलंडच्या किल्टमध्येही कापड महत्त्वाचं. पारंपरिक किल्टला ८ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास लोकरी कापड लागतं. स्वस्त किल्टमध्ये कापड कमी आणि लोकरीऐवजी ॲक्रिलिक.

मग दुकानात काय बघायचं?

धागा: काठाचा एक सुटा धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून कडक गाठ होते. घामाला चिकटतं ते हेच.

खळ: कापड दोन्ही हातांनी चोळा. पांढरी भुकटी पडली, तर जाडी खळीची आहे. एका धुण्यात पोत विरळ होणार.

पन्हा: कमरेपासून घोट्यापर्यंत लावून बघा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून थोडं जास्तच घ्या.

माग: इचलकरंजीसारख्या ठिकाणचं यंत्रमागाचं सुती धोतर स्वस्त पडतं आणि रोजच्याला चांगलं चालतं. हातमागाचे पैसे देणार असाल, तर 'हँडलूम मार्क'चं लेबल मागा. १९८५ च्या कायद्यानं ठरावीक प्रकारची धोतरं हातमागासाठीच राखीव ठेवली आहेत, त्यामुळं यंत्रमागाचा माल हातमागाच्या भावात घेऊ नका.

आता हिशोब. आजोबांची जोडी ९०० रुपयांची. आलटून-पालटून वर्षभर जाते, म्हणजे दिवसाला अडीच रुपये. माझं एका दिवसाला ६००!

रेडीमेड वाईटच असतं असं नाही. लहान मुलांना, किंवा नेसता येत नसेल त्यांना सोयीचं आहे. फक्त ॲपवर फोटोआधी 'फॅब्रिक' हा रकाना वाचा, कापड सुती आहे ना बघा आणि घरी आल्यावर, लग्नाच्या आधी, एकदा मांडी घालून बसून बघा.

आणि नेसायला शिकायचं असेल, तर घरातल्या आजोबांना विचारा. मला तीन संध्याकाळी लागल्या. कासोटा अजून ढिला बसतो, पण शिवण उसवायची भीती नाही!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.