चपलेची वेणी आणि ज्ञानाची वही

कोल्हापुरी चपलेचा भाव आपण करतो. पण ती घडविणारे ज्ञान किती हातांत विखुरले आहे, याचा विचार करीत नाही. एक जण बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कमावतो. दुसरा तळ कापतो. घरातील भगिनी वेणी घालते. कोणी चामड्याच्या वादीने शिवतो. पुढे व्यापारी, दुकानदार आणि गिऱ्हाईक.

या साखळीत माल पुढे जातो, पण ज्ञान मागे येत नाही. चप्पल कुठे चावते, पावसात तळ का फुगतो, कोणते माप खपते, हे दुकानदाराला कळते. कारागिराच्या वाट्याला येते ती परत आलेली चप्पल आणि कापलेला पैसा! मग नवा नमुना निघणार कसा?

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथे कोल्हापुरीसारख्याच चपला मांडल्या. कारागिरांचा उल्लेखही नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. २०१९ मध्येच महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन मिळाले होते. नाव कागदावर होते, म्हणून ठामपणे बोलता आले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी २००० जोडांचा करार झाला.

परंतु मानांकन नाव राखते. नवी वस्तू घडवीत नाही. त्यासाठी वस्तीत एक वही हवी. कातडे कोणते, किती दिवस मुरविले, तक्रार काय आली, बदल कोणी सुचविला, हे नाव व तारखेसह लिहावे. वेणी घालणाऱ्या भगिनीचे नावही त्यात यावे. महिन्यातून एकदा कमावणारे, शिवणारे व विकणारे एकत्र बसावेत. शिकलेल्या मुलामुलींनी लेखनिक व्हावे. नवा नमुना बाजारात दाखविण्यापूर्वी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणीचा अर्ज करावा. आधीच उघड झालेल्या नमुन्याला संरक्षण मिळत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ ग्रंथात श्रमिकांची उतरंड दाखवून दिली. ज्ञानाचीही तीच उतरंड आहे. जमाखर्चात कातडे लिहिले जाते, मजुरी लिहिली जाते. कसब मात्र कोणत्याच रकान्यात नसते.

मुलाने बापाचाच धंदा करावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो शिकावा, हवे ते व्हावे. पण बापाचे कसब दुसऱ्याच्या तिजोरीत आणि बापाचे नाव मात्र कुठेच नाही, असे होऊ नये.

वही स्वस्त आहे. ती आजच घ्यावी. जयभीम!